ईमेलमधील तारखा कॅलेंडरवर: शिरोलीच्या कारखान्यातील काही महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचे कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतीव भागांच्या, मशिनिंगचे काम चालते. बराचसा माल पुण्याला जातो, थोडा जर्मनीला आणि अमेरिकेला. सॅम्पल तपासणी, ऑडिट, कंटेनर भरणे अशी या व्यवहारातील जवळजवळ प्रत्येक तारीख ईमेलवर ठरते, आणि तीही एका पत्रात नव्हे, तर एकाच विषयावर आलेल्या-गेलेल्या उत्तरांच्या मालिकेत मध्येच कुठेतरी. अशी मालिका वाचून कॅलेंडरवर नोंद तयार करणारी एक एआय सोय आम्ही गेल्या पावसाळ्यापासून वापरत आहोत. ती तारखा उत्तम शोधते. मात्र सुचवलेली तारीख आणि ठरलेली तारीख यांतला फरक तिला पुरेसा कळत नाही, आणि आमच्या धंद्यात सगळे त्या फरकावरच अवलंबून असते.

ज्या ग्राहकांकडून बैठकीचे रीतसर आमंत्रण येते, त्यांच्यासाठी एआयची गरज मुळीच नाही. अशा आमंत्रणांसाठी आयकॅलेंडर हा प्रमाणित नमुना १९९८ पासून अस्तित्वात आहे. त्यात वेळ आणि टाइम झोन यांबरोबर प्रत्येक कार्यक्रमाचा स्वतंत्र ओळख क्रमांकही असतो, त्यामुळे बैठक पुढे ढकलली की त्याच क्रमांकाचे सुधारित आमंत्रण येते आणि जुन्या नोंदीची जागा घेते. गूगलनेही मार्च २०२५ मध्ये जीमेलमध्ये जेमिनी या आपल्या एआयच्या मदतीने पत्रातील कार्यक्रम कॅलेंडरवर घेण्याचे बटण आणले. आम्ही घेतलेली सोय दुसऱ्या एका कंपनीची आहे. अशा सोयींचा खरा उपयोग आहे तो साध्या वाक्यांत तारखा लिहिणाऱ्यांच्या पत्रांसाठी, आणि आमच्याकडे येणारी बहुतेक पत्रे तशीच असतात.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. पुण्याच्या एका ग्राहकाच्या क्वालिटी विभागाने लिहिले, की फायनल इन्स्पेक्शनसाठी १४ किंवा १६ तारखेला येऊ. आमच्या प्रॉडक्शनच्या साहेबांनी उत्तर दिले, की १६ चालेल, पण त्या दिवशी सीएमएम (भागांची मापे तपासणारे यंत्र) दुपारपर्यंत कॅलिब्रेशनमध्ये अडकलेले असेल. त्यावर तिकडून आले, की मग तीननंतर जमते का पाहतो. सोयीने १६ तारखेला दुपारी तीनची पक्की नोंद केली आणि १४ तारखेचीही नोंद तशीच ठेवली. वास्तविक तिसऱ्या पत्रात संमती नव्हती, केवळ शक्यता होती. अनुभवी माणूस अशा वेळी एक फोन करतो. सोय मात्र मोकळी राहिलेली जागा स्वतःच भरून टाकते, आणि एकदा कॅलेंडरवर आलेली वेळ कारखान्यात कोणी तपासत नाही. त्या वेळेप्रमाणे माणसे नेमली जातात आणि मशीन मोकळे ठेवले जाते.

तारीख बदलली की दुसरी अडचण उभी राहते. एआयने केलेल्या नोंदीला ग्राहकाच्या आमंत्रणासारखा सामाईक ओळख क्रमांक नसतो, त्यामुळे नवी तारीख आली की नवी नोंद होते आणि जुनी तशीच राहते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक थांबली, हे इथल्या कोणाला सांगायला नको. त्यामुळे पंचगंगेची पातळी वाढू लागली की गाड्यांच्या तारखा आम्ही आधीच मागे-पुढे करतो. जेव्हा कॅलेंडर सर्वांत अचूक हवे, नेमके तेव्हाच ते दुहेरी नोंदींनी भरते.

टाइम झोनच्या बाबतीत मात्र ही सोय मनापासून आवडली. जर्मनीतील सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. तिकडची घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि ऑक्टोबरमधील तो बदल तिने अचूक सांभाळला. पत्रात शहराचे किंवा टाइम झोनचे नाव नसेल, तर मात्र ती दहा वाजता म्हणजे कोल्हापूरचे दहा असे धरते. अमेरिकन ग्राहक महिना आधी लिहितात, त्यामुळे ०७/०८ अशी तारीख आली की आम्ही आता उत्तरात महिन्याचे नाव अक्षरांत लिहून खात्री करून घेतो.

मराठी पत्रे तिला अपेक्षेपेक्षा बरी समजतात, अगदी रोमन लिपीत लिहिलेलीसुद्धा. ‘दसरा झाल्यावर लगेच’ असे लिहिलेले असेल तर ती स्वतः तारीख न ठरवता विचारते, हे योग्यच आहे. परंतु फॉरवर्ड केलेल्या पत्रातील ‘परवा’ ती मूळ पत्राच्या दिवसापासून न मोजता पत्र पुढे पाठवल्याच्या दिवसापासून मोजते, आणि ही चूक सहज नजरेत येत नाही.

यावर आम्ही बसवलेली पद्धत साधी आहे. परस्पर नोंद करण्याची परवानगी बंद ठेवली असून सोय फक्त कच्ची नोंद करते, आणि ज्या वाक्यावरून तारीख घेतली ते वाक्य शेजारी दाखवते. मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच, कारण ते वाक्य वाचले की नोंद खरी की घाईची हे लगेच कळते. तारीख ठरल्यावर आमच्याकडून ग्राहकाला एका ओळीचे पत्र जाते: तारीख, वार, वेळ, ठिकाण आणि ‘कृपया होकार कळवावा’. होकार आला की मगच नोंद पक्की होते. बाहेरून आलेल्या पत्रात कोणीही काहीही मजकूर पेरू शकतो, त्यामुळे मंजुरी माणसाच्याच हाती हवी, असे माझे ठाम मत आहे. ज्या ग्राहकांशी ड्रॉइंगच्या गोपनीयतेचा करार आहे, त्यांची पत्रे तर आम्ही या सोयीपासून पूर्णपणे वेगळ्या खात्यात ठेवली आहेत.

वर्गणीचे नूतनीकरण आम्ही केले आहे, पण केवळ मार्केटिंग आणि डिस्पॅचसाठी. उद्यमनगरातील आमचे पॅटर्नवाले (ओतकामाचे नमुने बनवणारे) काका सगळ्या तारखा व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर ठरवतात. तिथपर्यंत ही सोय पोहोचत नाही, आणि त्या तारखा आमच्या स्टोअरमधील ताई आजही स्वतःच कॅलेंडरवर चढवतात.