दादरचं मेमरी क्लिनिक: टेस्टपेक्षा नंतरचा अर्धा तास भारी

सासऱ्यांना (आम्ही अण्णा म्हणतो) दादर वेस्टच्या एका मेमरी क्लिनिकमध्ये दाखवतोय सध्या. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली थोडी नावंपण ठेवलीयेत.

आधी एका डॉक्टरांनी एमएमएसई घेतली होती, 1975 पासून चालत आलेली ती स्मरणशक्ती वगैरे तपासायची 30 मार्कांची टेस्ट. अण्णांना 27! डॉक्टर म्हणाले, काही नाही हो, वय झालं. आता माणूस आयुष्यभर बँकेत कॅशियर, 100 मधून सात-सात वजा करा म्हटलं की 93, 86, 79 धडाधड सुरू, तारीख-वार पण पाठ. आणि घरी काय तर लाइट बिल एकाच महिन्यात दोनदा भरलं, सकाळची बीपीची गोळी दुपारी परत घेतली, दादरला उतरायचं तर थेट अंधेरी.

क्लिनिकमध्ये मोका (MoCA) नावाची टेस्ट घेतली, तीही 30 मार्कांचीच, पण तिच्यात घड्याळ काढायला लावतात. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटलं तर अण्णांनी एक काटा 11 वर नि दुसरा चक्क 10 वर! टेस्ट घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या हे खूप जण करतात, दहा ऐकलं की हात दहावरच जातो, दहा मिनिटं म्हणजे काटा 2 वर हा मधला विचार होत नाही. एमएमएसईत हे प्लॅनिंगचं काम फारसं तपासतच नाहीत म्हणे, आणि बिलं, गोळ्या, प्रवास सगळं त्याच्यावर तर चालतं. इथे मार्क पडले 21.

पण पैसे वसूल झाले ते पुढे. थेरपिस्टने मला आणि सासूबाईंना वेगळं बसवून अर्धा तास नुसतं घरचं विचारलं. फोन स्वतः लावतात का, सुट्टे पैसे नीट परत घेतात का, गोळ्या कोण काढून देतं. स्वयंपाकाचा प्रश्न आला तर आई म्हणाल्या, "अगं, या माणसाने जन्मात चहा तरी केलाय का!" थेरपिस्टने हसत तो प्रश्न खोडला. रोजच्या कामांच्या प्रश्नांची लॉटन नावाच्या संशोधकाची ही यादी 1969 ची, त्यात पूर्वी पुरुषांचे स्वयंपाक-धुणीभांडी धरतच नसत म्हणाली. आधी जमत होतं आणि आता सुटलंय तेच मोजायचं.

उलटी केस आमच्या आत्येसासूबाईंची. लालबागला चाळीत राहतात, शाळा चौथीपर्यंत. कुठल्याशा कॅम्पात मोकामध्ये 18 पडले आणि घरात रडारड. अहो, ती बाई दिवाळीला चकल्यांच्या ऑर्डरी घेते, कोणाची किती उधारी ते तोंडपाठ! बारावी किंवा त्याहून कमी शिकलेल्याला मोका फक्त 1 मार्क वाढवून देते, त्याने काय होणार? इथे त्यांची एचएमएसई, म्हणजे एमएमएसईसारखीच हिंदीतली टेस्ट घेतली, ती हरियाणात बल्लभगडला न शिकलेल्या लोकांसाठी बनवलेली, आणि मुलाला घरचं विचारलं. रोजचे व्यवहार शाबूत असतील तर डिमेन्शिया म्हणतच नाहीत, स्पष्ट सांगितलं. अण्णांचं तसं नाही. त्यांची बी12, थायरॉइड करून घेतली, गोळ्यांचा डबा आता आई भरतात आणि बिलं ह्यांच्याकडे आलीत.

आता तक्रारी. वेटिंग भयंकर, सकाळी नेलेलं माणूस नंबर येईपर्यंत दमतं आणि मग टेस्ट काय डोंबल देणार. कानाचं मशीन लावलंय का हे कोणी विचारलंच नाही, मीच मध्ये बोलले म्हणून, नाहीतर ऐकू न आल्याचे मार्क पण गेले असते. रिसेप्शनवरची मुलगी अण्णांसमोरच मोठ्याने "पेशंट किती विसरतात?" अण्णांचा चेहरा पडला, घरी येईपर्यंत बोलले नाहीत. आणि रिपोर्ट म्हणजे पानभर इंग्रजी शॉर्टफॉर्म, घरच्या माहितीची त्यात एकच ओळ! ती मॅडमकडे मागून वेगळी लिहून घ्या, देतात.

साडेतीन स्टार. त्यातले तीन एकट्या थेरपिस्टचे.