लग्न आधी, प्रेम नंतर : उन्हाळ्यासाठी तीन ख्रिस्ती कादंबरीकार

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कूलरसमोर बसून वाचणं, एवढंच उरतं. म्हणून आमच्या सदर भागातल्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बायकांनी यंदा ठरवलं, की सुट्टीत सगळ्यांनी एकच कादंबरी वाचायची आणि पहिला पाऊस पडला की चहा घेत तिच्यावर बोलायचं. कादंबरी ख्रिस्ती हवी, प्रेमकथा हवी, इंग्रजी असली तरी चालेल. निवडायचं काम माझ्याकडे आलं. तीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काढली म्हणजे हिने सगळं वाचलेलंच असणार, असा लोकांचा समज असतो.

नावं तीन पुढे आली : ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल, जॅनेट ओक आणि फ्रॅन्सिन रिव्हर्स. (ओक ऐकून एकीने विचारलं, या बाई कोकणातल्या का? नाही. कॅनडातल्या.) तुमच्याही हातात यातलंच एखादं पुस्तक असेल आणि घ्यावं की ठेवावं असा प्रश्न पडला असेल, तर माझा हिशेब तुमच्या कामी येईल.

आधी, या बाया लिहायला का बसल्या ते पाहू. पुस्तकाचा पोत त्यावरून कळतो.

हिल 1865 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मल्या. पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, मुलगी, पुढे पाळकाचीच बायको. मावशी इझाबेला अल्डन ‘पॅन्सी’ या नावाने मुलांसाठी गोष्टी लिहायची, त्यामुळे लेखन घरातलंच होतं. 1899 मध्ये नवरा अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला, पाठोपाठ वडीलही गेले. पदरात दोन लहान मुली. मग लेखणी हाच रोजगार झाला आणि 1947 मध्ये मरेपर्यंत शंभराच्या वर पुस्तकं लिहून झाली. शेवटची कादंबरी अर्धी राहिली होती, ती मुलगी रूथने पुरी केली. ज्या बाईला कादंबरीवर घर चालवायचं असतं, तिच्या प्रकरणाच्या शेवटी काहीतरी घडतंच. कुणी पळून जातं, कुणाचं पत्र येतं, कुणी चुकीच्या गाडीत चढतं. दुपारी झोप येत असेल तर हिल घ्या, झोप उडेल.

ओकबाईंची गोष्ट उलटी. 1935 चा जन्म, अल्बर्टातल्या शेतकरी घरातला. नवरा बायबल कॉलेजात. पहिली कादंबरी, ‘लव्ह कम्स सॉफ्टली’, 1979 मध्ये आली तेव्हा बाई 44 वर्षांच्या होत्या. घर, मुलं, मंडळी हे सगळं करून झाल्यावर लिहायला बसलेली ही बाई आहे आणि ते पानोपानी दिसतं. तिच्या कादंबरीत भांडी खरोखर घासली जातात. त्या एका पुस्तकाची पुढे आठ पुस्तकांची मालिका झाली आणि अमेरिकेतल्या ख्रिस्ती प्रकाशकांना कळलं, की आपल्या वाचकांना प्रवचनांखेरीज कादंबऱ्याही हव्या आहेत.

रिव्हर्सबाईंचं (जन्म 1947) प्रकरण सगळ्यांत नाट्यमय. त्या आधी नेहमीच्या बाजारू प्रेमकथा लिहायच्या आणि त्या खपायच्याही. 1986 मध्ये त्यांचं मन पालटलं. आमच्या भाषेत, नवा जन्म झाला. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं त्यांच्याच्याने काही लिहवेना. बायबल अभ्यासात होशेय संदेष्ट्याचं पुस्तक वाचनात आलं आणि त्यातून 1991 मध्ये ‘रिडीमिंग लव्ह’ निघालं. आधी ते साध्या व्यावसायिक प्रकाशनाने छापलं, 1997 मध्ये सुधारलेली आवृत्ती ख्रिस्ती प्रकाशनाने काढली. मन पालटण्याआधीची आपली पुस्तकं वाचा असं त्या कुणाला सांगत नाहीत. सीताबर्डीच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात रिव्हर्स हे नाव दिसलं, तर आतल्या पानावरचं साल पाहूनच पाकीट काढा. 1991 च्या आधीचं असेल तर ते वेगळ्याच बाईने लिहिलंय असं समजा.

आता मुख्य मुद्दा. तिघींची एकेक प्रसिद्ध कादंबरी शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा मला हसू आलं. तिन्हींत लग्न आधी होतं आणि प्रेम नंतर. अमेरिकन वाचकाला यात मोठी गंमत वाटते. माझी मावशी, मिशन हॉस्पिटलातली निवृत्त नर्स, हे ऐकून म्हणाली, “याच्यात नवीन काय आहे वं? आमच्या सगळ्यायचं असंच तं झालं.” खरं आहे. म्हणूनच आपल्याला या तीन लग्नांची पारख त्यांच्यापेक्षा चांगली करता येईल. मी एकच प्रश्न विचारला : लग्न झाल्यावर बाईच्या हातात काय उरतं?

हिलच्या ‘मार्शिया स्कायलर’ (1908) मध्ये थोरली बहीण केट ऐन लग्नाच्या वेळी दुसऱ्याबरोबर पळून जाते. पाहुणे जमलेले, घराची अब्रू जायची वेळ. मग धाकट्या मार्शियाला उभं करतात. बहिणीचे कपडे, बहिणीचा नवरा, बहिणीसाठी मांडलेलं घर. मांडवातली नवरी बदलण्याची गोष्ट आपल्याकडे कुणाला ऐकून माहीत नाही? नवरा, डेव्हिड, सज्जन आहे, पण मनाने अजून केटपाशीच. तो मार्शियाला लहान बहिणीसारखं वागवतो आणि ही पोर त्याच्या नजरेची वाट पाहत, सासरच्या आत्यांची बोलणी खात, शहाण्यासारखी वागत राहते. तिच्या हातात फक्त चांगलं वागणं आहे. कादंबरी तिच्या सहनशीलतेचं बक्षीस तिला देते, पण तिला एकदाही कुणी विचारत नाही, की बाई, तुला हे हवं होतं का? गोष्ट गोड आहे, मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना मात्र राग आला.

ओकच्या मार्टीला विचारलं जातं, तेही वाईट वेळी. पश्चिमेकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या प्रवासात नवरा मेलाय, पोटात मूल आहे, हिवाळा तोंडावर. क्लार्क नावाचा विधुर तिच्यापुढे व्यवहार ठेवतो : माझ्या लहान मुलीला आई हवी, तुला छप्पर हवं. नावापुरतं लग्न करू. वसंत ऋतूत गाड्या पूर्वेकडे परत जायला लागल्या आणि तुला जायचं असेल, तर तुझ्या वाटखर्चाचे पैसे मी देईन, फक्त मुलीला बरोबर ने. हा परतीचा वाटखर्च म्हणजे या कादंबरीचा जीव आहे, असं माझं मत. मार्टी त्या घरात दिवस काढते ते परतीचा रस्ता उघडा आहे म्हणून. तिला स्वयंपाक येत नाही, सकाळ-संध्याकाळ पॅनकेकच करते. कोंबडी कापायची वेळ येते तेव्हा तिची जी त्रेधा उडते, ते पान वाचून मावशी डोळे पुसत हसली. प्रेम कधी झालं ते नक्की सांगता येत नाही, आणि लेखिकेलाही ते सांगायचं नाही. पुस्तकात वादळ नाही, खलनायक नाही. काहींना हे फार संथ वाटेल. आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोरीने तीस पानांवर सोडलं.

तिसरं लग्न सगळ्यांत अवघड. होशेयला देव सांगतो, की वेश्येशी लग्न कर. ती, गोमर, निघून जाते. तो तिला पंधरा शेकेल रुपे आणि दीड होमर जव देऊन परत विकत आणतो. मूळ पुस्तकात गोमर एक शब्दही बोलत नाही. रिव्हर्सने हीच गोष्ट 1850 च्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या खाणींच्या धामधुमीत नेली आणि त्या मुक्या बाईला वाचा दिली. तिची नायिका एंजल लहानपणी विकली गेलेली आहे. तिचा राग, तिचा पुरुषांवरचा आणि देवावरचा अविश्वास लेखिकेने कुठेही मऊ केलेला नाही. हे काम मोठं आहे. मंडळीत अशा बाईबद्दल आपण कसं बोलतो ते आठवलं की पान उलटायला जड जातं.

पण लग्न पाहा. नायक मायकेल होशेय तिला न्यायला येतो तेव्हा ती मार खाऊन अर्धवट शुद्धीत आहे. त्या अवस्थेत तिने ‘हो’ म्हटलेलं. शुद्धीवर येते ती परक्याच्या घरात, त्याची बायको म्हणून. पळते, तो आणतो. आमच्या गटातल्या तरुण नर्सने विचारलं, देवाने त्याला सांगितलं ते ठीक, पण तिला कुणी सांगितलं? मला उत्तर सुचलं नाही. एवढं म्हणेन, की शेवटी शेवटी ती पुन्हा जाते तेव्हा तो मागे जात नाही आणि परत यायचं की नाही ते तिलाच ठरवावं लागतं. परतीचं तिकीट इथेही आहे, पण ते चारशे पानांनंतर मिळतं.

देव कुठे भेटतो हेही तिघींकडे वेगळं आहे. ओकच्या कादंबरीत तो क्लार्कच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेतून येतो. मार्टी ती आधी नुसती कानांनी ऐकते, मग हळूहळू मनापासून ऐकू लागते. रिव्हर्सकडे तो थेट बोलतो, तिरप्या अक्षरात. हिलच्या पुष्कळ कादंबऱ्यांत तारणाचा संदेश उघड सांगितलेला असतो, ‘मार्शिया’त त्या मानाने कमी.

सावधगिरीचं सांगते, आडपडदा न ठेवता. ‘रिडीमिंग लव्ह’मध्ये लहान मुलीवरचा अत्याचार आहे, मारहाण आहे, आणि बरंच काही जे शाळकरी मुलीच्या हाती देऊ नये. ज्या बाईने स्वतः असं काही सोसलंय तिला आधी सांगावं, मग पुस्तक द्यावं. मुखपृष्ठावरून काही कळत नाही. हिलकडे दुसरा दोष : गरीब मुलगी नेहमी सुशील, नोकरचाकर आणि काळे लोक शोभेपुरते किंवा थट्टेपुरते. शंभर वर्षांपूर्वीचं लेखन आहे हे ध्यानात ठेवून वाचायचं. ओकचं पुस्तक आईने मुलीला आणि मुलीने आजीला बिनधास्त द्यावं.

भाषेचं म्हणाल, तर हिलची वाक्यं लांब आणि जुन्या वळणाची. ओकची सोपी, फक्त क्लार्क-मार्टी खेडवळ इंग्रजी बोलतात आणि शब्द अर्धे खातात. मोठ्याने वाचलं की अर्थ लागतो. रिव्हर्सची भाषा तिघींत सरळ, पण पुस्तक जाडजूड. पैशांत मात्र हिल जिंकते. लेखिकेच्या मृत्यूला साठ वर्षं उलटल्यावर आपल्या कायद्याने हक्क संपतात, त्यामुळे 2008 पासून तिची पुस्तकं भारतात मुक्त आहेत. जुन्या कादंबऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मोबाइलवर अक्षर मोठं करून वाचता येतं, ज्येष्ठांना ते बरं.

सिनेमा पाहून ठरवू नका. ‘लव्ह कम्स सॉफ्टली’वर 2003 मध्ये चित्रपट आला, त्यात क्लार्कची लहानगी चांगली शाळेत जाण्याएवढी मोठी केलीय. मग पुस्तकातलं अर्धं मार्दव उरतच नाही. ‘रिडीमिंग लव्ह’चा 2022 मध्ये आला. पुस्तकात एंजलच्या मनात जे चालतं ते पडद्यावर कुठून येणार?

रिव्हर्स वाचायचीच असेल तर मी दुसरं पुस्तक सुचवीन, ‘अ व्हॉइस इन द विंड’ (1993). सन 70 मध्ये यरुशलेम पडल्यावर गुलाम म्हणून रोमला नेलेली हदस्सा, तिची मालकीण आणि मालकिणीचा भाऊ. प्रेमकथा आहे, पण भोवती अख्खं रोम उभं आहे, आणि इथे नायिका पहिल्यापासून स्वतःच्या मनाची मालक आहे, पायात बेडी असली तरी. तीन भागांची मालिका आहे. पहिला भाग संपला की दुसरा हाताशी हवाच, शेवट तसा आहे. तिसरा भाग वेगळ्याच माणसाची गोष्ट सांगतो, तो नाही वाचला तरी चालेल.

थोडं विषयांतर. हे सगळं परदेशातून मागवताना मला लाज वाटते, कारण मराठीतली पहिली कादंबरीच एका ख्रिस्ती लेखकाची आहे. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ 1857 चं, म्हणजे हिलबाई जन्मायच्या आठ वर्षं आधीचं, आणि विषय काय, तर बाईचं लग्न, वैधव्य आणि श्रद्धा. आणि लग्न आधी, प्रेम नंतर याची सगळ्यांत खरी गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांची. नारायण वामन टिळक काही काळ आपल्या नागपुरातच होते. इथून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक मिशनरी भेटला, त्याने हाती नवा करार दिला, आणि 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पाच वर्षांनी, 1900 मध्ये, स्वतःच्या बुद्धीने बाप्तिस्मा घेतला. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्र आहे, कादंबरी नाही, म्हणून आमच्या नियमात बसलं नाही. पण वरच्या तिघींपैकी एकीलाही नवऱ्यावर लक्ष्मीबाईंसारखं हसता येत नाही.

तर निवड. पूर्ण गटासाठी ओक. हळू वाचणाऱ्या आणि भरभर वाचणाऱ्या दोघी त्यात सामावतात, आणि परतीच्या वाटखर्चावर प्रत्येकीला स्वतःचं काहीतरी बोलायचं असणार. नर्सेसच्या छोट्या गटाला आणि ज्यांना संथ गोष्ट सोसत नाही त्यांना ‘अ व्हॉइस इन द विंड’. ‘रिडीमिंग लव्ह’ ज्या मागतील त्यांना, आधी दोन शब्द सांगून. हिल मावशीच्या मोबाइलवर उतरवून दिलीय, पैसे शून्य.

मावशीचं ओक अजून अर्धंच झालंय. काल रात्री जेवताना विचारत होती, “अन् ते पैसे? त्याने खरंच बाजूला ठेवले होते का गं, का नुसतंच बोलला?”

मी सांगितलं नाही.