मंदी आधी कुणाची नोकरी खाते?

2008 ची मंदी आणि 2020 चं कोविड संकट, दोन्हींत बेरोजगारी वाढली. पण मोठा फटका बसला तो वेगवेगळ्यांना. अमेरिकेचे आकडे पाहा. ऑक्टोबर 2009 मध्ये प्रौढ पुरुषांत बेरोजगारी 11 टक्क्यांच्या आसपास होती, स्त्रियांत 8 च्या. एप्रिल 2020 मध्ये चित्र उलटं: पुरुष सुमारे 13, स्त्रिया 15 च्या वर.

2008 मध्ये बांधकाम आणि कारखाने बसले, तिथे पुरुष जास्त. 2020 मध्ये हॉटेलं, दुकानं, पाळणाघरं बंद पडली, तिथे बायका जास्त. त्यात शाळांनाही टाळं. मुलांना कोण सांभाळणार, हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारलाच गेला नाही. उत्तर ठरलेलं होतं.

आणि इथेच आकडा फसवतो. बेरोजगार म्हणून साधारणपणे काम शोधणाऱ्यांचीच मोजणी होते. घरासाठी नोकरी सोडलेली आणि नवी शोधतही नसलेली बाई बेरोजगारांत धरली जात नाही, ती श्रमशक्तीतूनच, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे यांच्या एकूण संख्येतूनच, वजा होते. म्हणून 2020 साठी मी बेरोजगारीच्या दराआधी श्रमसहभागाचा दर, म्हणजे प्रौढांपैकी किती टक्के लोक श्रमशक्तीत आहेत, ते बघतो. 2008 साठी मात्र बेरोजगारीचा दरही बरंच काही सांगून जातो.