बुलीसाठी छातीपट्टा: आधी मापाची टेप लावा
नाशकात मेन रोडला मिळणारा जाड नायलॉनचा हा हार्नेस (छातीपट्टा) अमेरिकन बुली जातीच्या कुत्र्यासाठी घेताना वजनावर जाऊ नका. त्याच वजनाच्या लॅब्राडोरपेक्षा बुलीची छाती रुंद असते. पुढच्या पायांमागून घेर मोजा. पट्ट्याखाली २ बोटं सरकली पाहिजेत. पाठीवरच्या कडीला सांधा नाही आणि शिलाई चौकटीत फुली मारून पक्की केलीय, हे उत्तम. बक्कल मात्र प्लास्टिकचं, जोराच्या हिसक्याला आधी तेच दगा देणार. काखेत अस्तर नाही. तिथे पट्टा घासून कातडी सोलवटते, म्हणून घरी आल्यावर लगेच काढा, काखेतली लाली बघा. तरी गळपट्ट्यापेक्षा हा केव्हाही बरा, आखूड नाकाच्या कुत्र्याचा गळा आवळत नाही. उन्हाळ्यात गंगापूर रोडचं डांबर तापण्याआधीच फिरवून आणा.