माझाच ब्लॉक मला २४,००० रुपयांना विकला

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हसायचं की हळहळायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. ५४,१५० रुपये. एवढे घालवून माझी आरएक्स १०० ही मोटारसायकल ९८ सीसीवरून १०२ सीसीवर आली. म्हणजे एका सीसीला साडेतेरा हजार.

आणि मी काही गाडीतलं न कळणारा माणूस नाही, हेच जास्त झोंबतं. एमआयडीसीत मशिन शॉपला क्वालिटीत आहे. बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, मोजणं हेच माझं काम. वीस मायक्रॉनसाठी पोरांच्या अंगावर ओरडतो, जॉब रिजेक्ट करतो. कंपनीत हे प्रकरण मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहितोय ते नाव न घालता.

गाडी वडिलांची, १९९३ची. यामाहानं ही गाडी १९९६ला बंद केली, त्यामुळं धड पार्ट मिळणं किती अवघड झालंय ते ज्यांच्याकडं आहे त्यांना सांगायला नको. इंजिन थकलं होतं, धूर मारत होतं. आमचे जुने मिस्त्री, ज्यांना अख्खी गल्ली चाचा म्हणते, त्यांनी सरळ सांगितलं होतं, "रिबोअर कर, नाहीतर १३५चा ब्लॉक बघ. त्याच्या पुढं जाऊ नको." रिबोअर म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून थोडं मोठं करून नवा पिस्टन घालणं, ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलिंडर, आणि १३५ ही यामाहाचीच मोठी आरएक्स. हिशेब साधा आहे. आरएक्स १००चा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५०, म्हणजे ९८ सीसी. १३५चा स्ट्रोक तोच, बोअर ५८, म्हणजे १३२. मला १३२ नको होतं. मी मोबाइलवर रोज रात्री एका बिल्डरच्या, म्हणजे इंजिन वाढवून देणाऱ्याच्या, रील बघत होतो. ६२चा बोअर, १५० सीसी, निकॅसिल कोटिंगचा (आतून निकेलचा कठीण मुलामा) अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक, फोर्ज्ड पिस्टन, आणि मागं तो कान फाडणारा आवाज. चाचांचं वय झालं, त्यांना नवीन काही माहीत नाही, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

फोन केला. माणूस गोड. "सर, तुम्ही टेक्निकल लाइनचे, तुम्हाला काय समजवायचं!" या एका वाक्यावर मी अर्धा विकला गेलो. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेब पाठवला: किट २४,०००, क्रँक रिपेअर ६,०००, क्रँककेसचं (ब्लॉक ज्यावर बसतो त्या खालच्या खोक्याचं) तोंड बोअर करणं २,५००, पोर्टिंग (ब्लॉकमधली वायूची भोकं घासणं) ३,०००, फिटिंग ३,०००. एकूण ३८,५००. केसचं तोंड मोठं करायचे पैसे वेगळे लावलेत हे बघून माझा विश्वास उलट वाढला, कारण ६२ची स्लीव्ह (ब्लॉकच्या आतली नळी) मूळ केसमध्ये बसूच शकत नाही, हे मला माहीत होतं. खोटं बोलणाऱ्याला एवढं कुठून सुचणार, असं वाटलं. सुचतं. धंदाच आहे त्याचा.

जानेवारीत २०,००० यूपीआयनं पाठवले आणि इंजिन काढून ट्रान्सपोर्टनं धाडलं, ६५० रुपये. महिन्याभरानं "किट कस्टममध्ये अडकलं" म्हणून ९,०००. तेही दिले. बिल मागितलं तर "जीएसटी लावला तर १८ टक्के वाढतील, बघा तुम्ही." मी बघितलं आणि बिल सोडून दिलं. १८ टक्के वाचवायला गेलो आणि शंभर टक्के घालवले.

आता तो क्षण. यावर मी किती रात्री जागलोय ते बायकोला विचारा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला, इंजिन तयार आहे, राहिलेले ९,५०० टाका. मी सहज म्हटलं, "माझा जुना ब्लॉक आणि पिस्टन त्याच खोक्यात टाका." तो एक सेकंद थांबला. खरंच थांबला, अजून कानात आहे ती शांतता. मग म्हणाला, "अहो सर, भंगार आहे ते. उगाच ट्रान्सपोर्टचं वजन वाढतं. राहू दे इथंच, पाचशे कमी द्या."

आणि मी पाचशे कमी दिले! नऊ हजार पाठवले आणि बायकोला सांगितलं, बघ, घासाघीस न करता पाचशे सोडले त्यानं.

कंपनीनं बनवायची थांबवलेल्या गाडीचा मूळ ब्लॉक कुठलाही मिस्त्री भंगार म्हणणार नाही. तो जपून ठेवतो, स्लीव्ह घालून दुसऱ्याला विकतो. जो माणूस कस्टमच्या नावानं नऊ हजार उकळतो तो मला फुकट पाचशे का देईल? हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. जुना पार्ट परत मागा. बिल्डर का-कू करायला लागला की तिथंच थांबा. आणि इंजिन पाठवण्याआधी ब्लॉकवर, केसवर, हेडच्या (ब्लॉकवरच्या झाकणाच्या) आतल्या बाजूला नंबर पंचानं आपली खूण मारून फोटो काढून ठेवा. माझ्या ड्रॉवरमध्ये पंचाचा अख्खा सेट आहे.

इंजिन आलं, ट्रान्सपोर्टला ९०० भरून सोडवलं. दिसायला नवरीसारखं. ब्लॉक काळाकुळकुळीत रंगवलेला, हेडच्या चारही नटांवर पिवळ्या रंगाचा ठिपका. सोबत चिठ्ठी: "सील तुटल्यास वॉरंटी नाही." चार नट. पंधरा मिनिटांचं काम. हेड उचललं असतं आणि साध्या व्हर्नियरनं बोअर बघितला असता तरी सगळं उघडं पडलं असतं, माझ्या बोअर गेजची गरजच नव्हती. नुसतं चुंबक लावलं असतं तरी बीडाच्या स्लीव्हला खाडकन चिकटलं असतं. निकॅसिलच्या ब्लॉकमध्ये बीडाची स्लीव्ह नसतेच. पण सहा महिन्यांची वॉरंटी! ती जाईल म्हणून मी नटाला हात लावला नाही. आता जो बिल्डर नटाला रंग लावून देतो त्याच्याकडून मी सायकलची हवासुद्धा भरून घेणार नाही.

किक मारली तेव्हा हलकी लागली. १५० सीसीची किक पायाला कळते. मी म्हटलं, पिस्टनच्या नवीन रिंगा आहेत, बसल्या की जड होईल. हेही माझंच.

मग म्हणाल, चालवताना कळलं नाही का? तर ऐका. त्यानं पोर्टिंग मात्र खरंच केलं होतं, एक्झॉस्ट पोर्ट वर घासला होता, आणि जेटसकट (जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक) कार्ब्युरेटर म्हणून अजून ३,२०० घेऊन मोठ्या आवाजाचा सायलेन्सर "गिफ्ट" दिला होता. कार्ब्युरेटर माझाच, धुतलेला. त्या आवाजाला मी ताकद समजलो. वर रनिंग-इनची, म्हणजे नवं इंजिन हळू चालवून बसवायची, अट होती, ५०० किलोमीटर साठच्या वर जायचं नाही. म्हणजे खेचून बघायची सोयच नाही. ही अट पण किती हुशारीची आहे बघा.

२१२ किलोमीटरला, मार्चच्या शेवटच्या गुरुवारी, बायकोला मागं घेऊन नरसोबाच्या वाडीला निघालो होतो. अंकलीचा पूल ओलांडला, जयसिंगपूरच्या दिशेला लागलो, वेग पंचावन्न. एकदम इंजिनचा स्वर बदलला आणि मागचं चाक जाम. टू-स्ट्रोक चालवणाऱ्याची दोन बोटं कायम क्लचवर असतात म्हणून वाचलो. मागं उसाची ट्रॉली होती. ट्रॅक्टरवाल्यानं शिव्या घालत बाजूनं काढली. त्या शिव्या मला मान्य आहेत.

चाचांकडं टेम्पोतून नेली. त्यांनी एक शब्दही न बोलता चार नट काढले. मी कंपनीतून गेज घेऊन गेलो होतो. ५१.००. बोअर एक्कावन्न! म्हणजे स्टँडर्डवरून शेवटचं ओव्हरसाइज, एवढंच काय ते रिबोअर, आणि तेही घाईत, पिस्टनला फुगायला जागाच न ठेवता. पिस्टन दोन्ही बाजूंनी घासून निघालेला. केसच्या तोंडाला तर हत्यारच लागलेलं नव्हतं, मूळचं मशिनिंग तसंच. २,५०० रुपये कशाचे?

चाचांनी ब्लॉक थिनरमध्ये बुडवला, ब्रश मारला. उजवीकडच्या तिसऱ्या फिनचा, म्हणजे ब्लॉक थंड ठेवणाऱ्या पात्याचा, कोपरा हातात आला. एमसीलचा होता. २००९ साली खडीवर मी गाडी पाडली होती तेव्हा हाच कोपरा तुटला होता आणि वडिलांनी आठवडाभर गाडीची किल्ली दिली नव्हती. मी तो तुकडा हातात धरून तिथल्या टायरवर बसलो. चाचा फक्त एवढं म्हणाले, "ब्लॉक तर तुझाच आहे की."

पाचशेला विकलेलं भंगार चोवीस हजारांना विकत घेतलं होतं.

फोन केला तर पहिल्या दिवशी "सर, तुम्ही ऑइल कमी घातलं असणार", दुसऱ्या दिवशी "सील तोडलंत, आता काही होणार नाही", तिसऱ्या दिवशी ब्लॉक. हा ब्लॉक मोबाइलवरचा.

पुढं जे झालं त्याचा मला बिल्डरपेक्षा जास्त संताप आहे. आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी आरसी मागितली. "९८ सीसी आहे इथं. तुम्ही १५० करायला दिली? मोटार वाहन कायदा कलम ५२ माहीत आहे का? आरसीवर आहे त्यापेक्षा वेगळं इंजिन करता येत नाही. आधी तुमच्यावरच कारवाई होईल." मी म्हटलं, "साहेब, पण १५० झालीच नाही ना, तीच तर तक्रार आहे!" अख्खं ठाणं हसलं. एकानं तर चहा मागवला, माझ्यासाठी नाही.

कलम ५२ खरं आहे, ते मी नाकारत नाही, आणि तुम्हीही समजून घ्या, कारण हे बिल्डर त्याच्याच जिवावर जगतात. गिऱ्हाईक तक्रार करायला गेलं तर आधी स्वतः अडकतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण चोरट्या माडीवर खिसा कापला गेला म्हणून खिसेकापू सुटतो का?

दुसऱ्या खेपेला दुसरे साहेब: "हे दिवाणी प्रकरण आहे, वकील बघा." तिसऱ्या खेपेला: "पैसे त्यांनी तिकडं घेतले ना, मग तिकडं जा." तिकडच्या ठाण्याला फोन केला तर, "अर्जदार कुठला? मग तिकडंच द्या." मी घरी बसून वाचून काढलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठं घडला याचा विचार न करता तक्रार नोंदवून घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात ती. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, न्याय संहितेचं ३१८ आहे. हे कागदावर लिहून चौथ्यांदा गेलो. "फार शिकलेले दिसताय" असं उत्तर मिळालं. अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोचेसाठी पाचवी फेरी. प्रत्येक फेरीला अर्धा दिवस रजा, तो हिशेब वरच्या आकड्यात धरलेला नाही.

हेल्पलाइनवाल्या बाई म्हणाल्या, "माल मिळाला ना तुम्हाला? मग हा फ्रॉड नाही, क्वालिटी इश्यू आहे." क्वालिटी इश्यू! मला, क्वालिटीतल्या माणसाला! बँकेनं नऊ दिवसांनी एका ओळीत कळवलं की पिन तुम्हीच टाकलेला आहे. हो, मीच टाकला. बंदूक लावून कुणी टाकायला लावला नाही. पण मग फसवणूक म्हणतात तरी कशाला?

शेवटी ग्राहक आयोगाचा रस्ता धरलाय. २०१९च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, बिल्डरच्या शहरात हेलपाटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत करावी लागते. हे पाच फेऱ्यांत मला एकाही माणसानं सांगितलं नाही. पुरावा म्हणून माझ्याकडं व्हॉट्सअ‍ॅपचा हिशेब, चार यूपीआय पावत्या, ट्रान्सपोर्टच्या दोन बिल्ट्या आणि एमसीलचा तो कोपरा आहे. २००९चा तुटक्या फिनचा फोटो सापडला असता तर बरं झालं असतं. कॉल रेकॉर्डिंग नाही. खोकं उघडतानाचा व्हिडिओ नाही. तुम्ही दोन्ही ठेवा.

खरा बिल्डर कसा ओळखायचा, तर तो तुम्हाला भंडावून सोडतो. गाडी घाटात चालवता की गावात, कार्ब्युरेटर कुठला, मेन जेट किती, हेड कुठलं, ऑइल पंप चालू आहे की पेट्रोलमध्ये मिक्स घालता. बोअर वाढवला की हेडची पोकळी, पोर्टची उंची, जेट, सगळंच बदलावं लागतं, त्यामुळं त्याला विचारल्याशिवाय गत्यंतर नसतं. माझ्या बिल्डरनं सगळ्या मिळून दोनच प्रश्न विचारले: रंग कुठला हवा आणि पैसे कधी टाकता. काम झाल्यावर मापांचा कागद मागा: बोअर, पिस्टन, त्यातलं अंतर, रिंगचा गॅप, स्क्विश (पिस्टन पूर्ण वर आल्यावर हेडपर्यंत उरणारं अंतर). स्क्विश तर प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून घरीही बघता येतो. कागद देत नाही तो मोजत नाही.

चाचांनी नवी स्लीव्ह घालून बोअर परत ५० केला, नवा पिस्टन, सगळं मिळून ११,४००. यात बेअरिंगही आल्या, कारण क्रँकला बिल्डरनं हातही लावला नव्हता.

चाचांच्या ओळखीतून त्याच बिल्डरची अजून दोन गिऱ्हाइकं सापडली. एकाच्या गाडीनं ९०० किलोमीटर काढले, त्यामुळं तो अजून खूश होता. परवा त्याला मी इकडं बोलावून घेतलं, त्याच्या देखत पिवळे ठिपके खरवडले आणि हेड उचललं. गेज त्याच्याच हातात दिला. ५०.७५.