वाचनालयाच्या पानावरील अवतरणचिन्हे: तालुक्याच्या डीटीपी केंद्राचे काम

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वेब पानावर तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबा यांची वचने शोभिवंत अवतरणचिन्हांसह झळकावीत, या हेतूने आम्ही आर्वीतील एका डीटीपी केंद्राला काम दिले. एरवी लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या या केंद्राने ३० एप्रिलच्या ग्रामजयंतीआधी पान तयार केले. काम एकंदरीत चांगले आहे, पण शेवटचे चिन्ह फसले आहे.

चांगले आधी सांगतो. केंद्राने चिन्हांची चित्रे चिकटवली नाहीत. वचन ब्लॉककोटमध्ये, म्हणजे वेब पानात उद्धृत मजकुरासाठी असलेल्या चौकटीत ठेवून सुरुवातीचे चिन्ह सीएसएसमधील (पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेतील) ‘बिफोर’ या मजकुराआधी खूण उमटवणाऱ्या सोयीने उमटवले आहे. त्यामुळे पान जड होत नाही, आणि आमचे सभासद वचन उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात तेव्हा सजावटीचे चिन्ह मजकुरासोबत जात नाही. मात्र जिथे संवादातले बोलणे खरोखरच उद्धृत केलेले आहे, तिथली साधी चिन्हे मजकुरातच टंकित असली पाहिजेत, अन्यथा पाठवलेल्या मजकुरात कोण काय बोलले ते कळत नाही. हा भेद केंद्राने न सांगता पाळला, याचे मला विशेष वाटले.

देवनागरीत या सजावटीची खरी अडचण शिरोरेषेच्या वर असते. वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिथेच असल्यामुळे गडद रंगाचे मोठे चिन्ह पहिल्या शब्दाला भिडले, तर त्याचा गोल ठिपका एखाद्या अनुस्वारासारखा दिसू लागतो. केंद्राने चिन्ह फिकट भगव्या रंगात डावीकडे अक्षरांच्या मागे सरकवले आहे. ते मजकुराच्या प्रवाहाबाहेर, म्हणजे ओळीत जागा न अडवेल असे ठेवल्यामुळे पहिल्या दोन ओळींमधले अंतरही वाढत नाही. मोबाइलवर डावीकडे जागा उरत नाही म्हणून तिथे ते वचनाच्या वर येते, हेही योग्यच.

आता दोष. बंद करणारे चिन्ह ‘आफ्टर’ने (मजकुरानंतर खूण उमटवणाऱ्या सोयीने) थेट ब्लॉककोटला जोडले आहे, आत परिच्छेद असल्यामुळे ते शेवटच्या शब्दालगत न येता खाली नव्या ओळीत जाऊन पडते. ते शेवटच्या परिच्छेदाला जोडले असते, तर शब्दालगत आले असते. त्यातच वचनकर्त्याचे नावही ब्लॉककोटच्या आत घातले आहे, त्यामुळे बाबांचे नावसुद्धा बाबाच उच्चारत आहेत असे दिसते. नाव ब्लॉककोटच्या बाहेर हवे. वेब पाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलचा नियमही तोच आहे. ओव्यांच्या बाबतीत तर मी म्हणेन की बंद करणारे चिन्ह काढूनच टाकावे, कारण शेवटी दोन उभे दंड (॥) असतातच आणि त्यांच्यापुढे मोठे चिन्ह नुसती गर्दी करते.

दुसरी त्रुटी फॉन्टची. चिन्हांसाठी जॉर्जिया हा फॉन्ट सांगितला आहे. तो केंद्रातल्या विंडोज संगणकावर आहे, पण अँड्रॉइड फोनवर नसतो. तिथे फोन आपल्याकडचा दुसरा फॉन्ट वापरतो आणि डौलदार वळणाच्या जागी बोथट खुणा दिसतात. आमचे बहुतेक वाचक फोनवरच वाचतात. तिरो देवनागरी मराठीसारखा वेब फॉन्ट पानासोबतच पाठवला, तर अक्षरे आणि चिन्हे एकाच घराण्यातली दिसतील.

श्रीलिपी या जुन्या टंकपद्धतीतला मजकूर त्यांनी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर वाचता येणाऱ्या पद्धतीत नीट आणला आहे. एखाददुसरी ऱ्हस्व-दीर्घाची चूक राहिली आहे, ती आम्हीच तपासून देऊ.

या दुरुस्त्यांचे वेगळे पैसे घेणार नाही, असे केंद्रचालकांनी मान्य केले आहे. मात्र लग्नसराईत तिथे वेब पानांच्या कामाला हात लागत नाही, त्यामुळे परिसरातील ज्या शाळा-वाचनालयांना असे पान करून घ्यायचे असेल, त्यांनी काम पावसाळ्यात द्यावे आणि पैसे चुकते करण्यापूर्वी ते स्वतःच्या फोनवर उघडून पाहावे.