ओजेटी कुठे करावी : बुटीबोरीच्या कंपनीत की जवळच्या जिनिंगमध्ये?

एम.कॉम.च्या दुसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिटची ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) असते, म्हणजे १२० तास. संमतीपत्र, हजेरी, रोजनिशी, अहवाल आणि शेवटी तोंडी परीक्षा, हे सगळं सरांनी सांगितलंच असेल. तास भरायचे कुठे, हे मात्र आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. हिंगणघाटच्या आसपासच्या खेड्यातल्या पोरांपुढे बहुतेक दोनच वाटा असतात. जाम चौरस्ता ओलांडून बुटीबोरी एमआयडीसी गाठायची, नाहीतर सायकलवर जाता येईल अशी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी गिरणी, धरायची. २०२५ च्या जानेवारीत मी दोन्ही करून पाहिल्या. एक अर्ध्यात सोडली.

आधी कंपनी. काम वाईट नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. अकाउंट्समध्ये मला खरेदीची बिलं ऑर्डरशी आणि माल उतरल्याच्या पावतीशी जुळवायला दिली होती. एसएपी, म्हणजे मोठ्या कंपन्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, निदान डोळ्यांनी पाहायला मिळालं. इंग्रजी मेल कसे लिहितात तेही कळलं. पुढे अर्जावर त्या नावाचं वजन पडतं, हे नाकारून चालणार नाही. मानधन नव्हतं, पण ते जिनिंगमध्येही नव्हतं.

माझं बिनसलं ते गेटवर. आमच्यासारख्यांना ओळखपत्र नसायचं, म्हणून रोज नवा गेटपास. पास बनायला आतून कुणीतरी फोनवर ‘सोडा’ म्हणायला हवं. आतला फोन सकाळी कुणी उचलत नसे. गेटवरचे काका बिचारे भले माणूस. ‘थांबा ना भाऊ, उचलून नाही राहिले ते,’ म्हणत स्वतःची खुर्ची पुढे करायचे. कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. एकदा तर चहाच्या सुट्टीपर्यंत मी बाहेरच होतो. यात सहन न होण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण हजेरी भरली जायची ती गेटच्या वहीतल्या वेळेवरून, आणि परतीच्या एसटीसाठी मला साडेचारला निघावंच लागे. जेवणाची सुट्टी वजा केली की कागदावर उरायचे पाच तास. घरून मात्र मी अकरा-बारा तास बाहेर. कॉलेजमुळे आठवड्याचे तीनच दिवस मिळायचे. १२० ला पाचनं भागा आणि परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवा. तिसऱ्या आठवड्यात मी तो नाद सोडला. सरांनी नवं संमतीपत्र मागितलं आणि तास पुन्हा शून्यापासून सुरू झाले.

जिनिंगला गेटपास नाही. गेटच दिवसभर उघडं, कापसाच्या गाड्या आत-बाहेर चालू. हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींच्या शेजारच्या टेबलावर बसलो की तास सुरू. कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी जाता यायचं, रविवारीही जाता यायचं. रोजनिशीवर सही तिथल्या तिथे व्हायची.

शिकण्याच्या बाबतीत जिनिंग कमी पडेल अशी मला धास्ती होती. झालं उलटच. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला की त्यावरचा ५ टक्के जीएसटी घेणाऱ्यानंच भरायचा, तो रिव्हर्स चार्ज आम्ही वर्गात दोन ओळींत उरकला होता. इथे त्याची नोंद रोज माझ्या हातून जायची. आवारातच सीसीआयची, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाची, खरेदी होती. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ७,५२१ रुपये, तोही ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर. वरच्या प्रत्येक टक्क्याला भावातला एक टक्का कपात, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. मीटरचा आकडा १० आला की क्विंटलमागे दीडशे रुपये गेले. शेतकऱ्याचा चेहरा पाहून ते गणित जे पाठ झालं ते झालं. क्विंटलभर कापसातून रुई किती, सरकी किती, १७० किलोच्या किती गाठी पडायला हव्यात आणि साठा वहीशी का जुळत नाही, यातच माझा अर्धा अहवाल झाला. जुळलं नाही की दिवाणजी चष्म्यावरून बघायचे, ‘काहून बे पोट्ट्या, रुई उडून गेली का?’

रुई उडते मात्र खरंच. नाकातोंडात तुस जातो. दुपट्टा बांधल्याशिवाय बसू नका. दम्याचा त्रास असेल तर हा मार्ग नकोच. कॉम्प्युटर एकच, त्यावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, आणि त्यावर आधी मालकाच्या मुलाचा हक्क. माझ्या वर्गमैत्रिणीला जिनिंगमधलं रात्रीपर्यंतचं वातावरण पटलं नाही, स्वच्छतागृहाची सोयही नव्हती. तिनं कंपनी निवडली. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच, शिवाय तिची मावशी बुटीबोरीत. तिचे तास वेळेत भरले. तिथे मुक्कामाची सोय असेल, तर माझं ऐकू नका.

घरून जाऊन-येऊन करणार असाल, तर मी जिनिंगकडे बोट दाखवीन. फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीवर टाकू नका. तोवर हंगाम आटोपतो आणि यंत्रं थंड पडलेली असतात. दिवाळीनंतर पहिल्या गाड्या लागल्या की मालकाला भेटून या. ओजेटी म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागेल. संमतीपत्र लेटरहेडवर लागतं हेही तेव्हाच सांगा. आमच्या दिवाणजींनी पहिलं पत्र काटापट्टीच्या, म्हणजे वजनाच्या पावतीच्या, मागे लिहून दिलं होतं, वर गोल शिक्का मारून.